चाकांची खुर्ची आणि शिल्पांची बाग

मागच्या अंकात मी न्यूयॉर्कजवळच्या स्टॉर्म किंग या शिल्पबागेत खुर्चीवरून फिरल्याचं चार ओळींत लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं पान त्यांनाच दिलंय. नव्या वाचकांसाठी : मी नाशिकची, निवृत्त चित्रकला शिक्षिका. लहानपणच्या पोलिओनंतर बरीच वर्षं पायाला आधाराचा कॅलिपर, आता व्हीलचेअर. मी तिला ‘खुर्ची’ म्हणते. ढकलायला बहुधा आमचे हे, कधी भाचा. तज्ज्ञ नाही, पण चिवट आहे.

*

ताई, माझी आई ७४ वर्षांची. अर्धांगवायूनंतर घरात काठीने चालते, बाहेर व्हीलचेअर लागते. आयुष्यभर तिनं शाडूच्या मूर्ती केल्या. बहीण इंग्लंडमध्ये लीड्सला असते, जूनमध्ये आम्ही दोघी जातोय. तिच्या घरापासून फार लांब नाही असं यॉर्कशायर स्कल्प्चर पार्क आहे. बहीण म्हणते, ५०० एकर आहे, आईला झेपणार नाही. आई म्हणते, मी जाणारच. काय करावं?
*— एक वाचक, पंचवटी*

आईचं ऐकावं. ५०० एकर कुणालाच झेपत नाहीत, धडधाकट माणसंही अर्धं बघून कँटीनमध्ये जाऊन बसतात. तुमच्या बहिणीला म्हणावं, आपण बाग ‘उरकायला’ जात नाही आहोत. पाच-सहा शिल्पं नीट बघायची, चहा प्यायचा, घरी यायचं. एवढं ठरलं की निम्मी भीती जाते.

जागा कशी आहे ते आधी सांगते. वेकफील्डजवळच्या ब्रेटन हॉल नावाच्या जुन्या जमीनदारी वाड्याच्या आवारात १९७७ साली ही बाग सुरू झाली. उतरती कुरणं, तळी, मोठी झाडं आणि त्यांच्यात शिल्पं. शिल्पकार हेन्री मूर जवळच्याच कॅसलफर्ड गावचा, शिल्पकार बार्बरा हेपवर्थ वेकफील्डचीच. म्हणजे दोघंही तिथली घरचीच माणसं. मूरची अवाढव्य ब्राँझ शिल्पं कुरणात उभी आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला मेंढ्या चरतात. मूरला ते आवडायचं; स्वतःच्या घरामागच्या कुरणातल्या मेंढ्यांची चित्रं काढून त्यानं वह्या भरल्या होत्या.

आता कामाचं. तिथे ईमेल किंवा फोन करा, पण ‘व्हीलचेअर चालते का?’ असं विचारू नका. त्याला जगभर एकच उत्तर मिळतं : हो, चालते. मग तिथे गेल्यावर कळतं की चालते म्हणजे दारापर्यंत. त्याऐवजी असं विचारा. गाडी कुठपर्यंत येते? तिथून दारापर्यंतची वाट डांबरी, फरशीची की खडीची? पक्क्या वाटेवरून उतरावं न लागता कोणकोणती शिल्पं दिसतात? सगळ्यात मोठा चढ कुठे आहे आणि तो टाळून जायला दुसरी वाट आहे का? लिफ्ट सध्या चालू आहे का? हा शेवटचा प्रश्न लाजू नका, नक्की विचारा. भारतातल्या एका मोठ्या कलादालनात मी गेले तेव्हा लिफ्ट होती, पण तिची किल्ली ज्याच्याकडे तो माणूस रजेवर होता.

तिथे विजेवर चालणाऱ्या स्कूटर वापरायला मिळतात, पण मोजक्याच, म्हणून आधी कळवून राखून ठेवा. आणि कळवताना आईचा कोणता हात चालतो ते सांगा. अशा स्कूटरचा वेगाचा खटका अंगठ्यानं दाबून धरायचा असतो. उजवा हात कमजोर आणि खटका उजवीकडे, असं झालं तर स्कूटर असून नसल्यासारखी. तिथे पोचल्यावर मोकळ्या पार्किंगमध्ये दोन-चार फेऱ्या मारून मगच कुरणाकडे निघा. नाही जमलं तर आपली खुर्ची आहेच.

खुर्ची कोणती न्यायची? दवाखान्याबाहेर दिसते ती, चारही चाकं छोटी असलेली, अजिबात नको. ती विमानतळाच्या फरशीसाठी. मागची चाकं २४ इंची, हवेच्या टायरची, पुढची निदान ८ इंची, अशी घडीची खुर्ची घ्या. खडीत पुढची छोटी चाकं चिखलात बैलगाडी रुतावी तशी रुततात आणि मागून जितकं ढकलाल तितकी जास्त रुततात. अशा वेळी ढकलायचं नाही. खुर्ची फिरवायची, आईची पाठ जायच्या दिशेला करायची आणि मोठ्या चाकांवर थोडी कलवून मागे ओढत न्यायची. ओल्या गवताचंही तेच. तीव्र उतारावरही पाठमोरंच उतरायचं, म्हणजे माणूस पुढे घसरत नाही आणि वजन तुमच्या अंगावर राहतं. ही कसरत जायच्या आधी नाशिकला करून बघा. गोदाकाठच्या जॉगिंग ट्रॅकजवळ गवत, मुरूम, उतार, सगळं एकाच जागी मिळतं. गंगापूर धरणाकडच्या द्राक्षबागांपैकी एखाद्या वायनरीच्या आवारात खडी हवी तितकी. आईलाही कळेल की कलवलं म्हणजे पाडलं नाही. पहिल्यांदा सगळेच ओरडतात.

इंग्लंडचा जून म्हणजे आपला जून नव्हे, पण पाऊस तिथेही सांगून येत नाही. मांडीवर टाकायला रेनकोटचं कापड, चाकं पुसायला जुना पंचा (ओल्या चाकांनी दालनात शिरलं की रखवालदाराचा चेहरा बघवत नाही) आणि ज्या हातानं आई चाक धरते त्याला सायकलवाल्यांचा हातमोजा.

काय बघायचं? माझ्या मते दोन वेगळे अर्धे दिवस काढा. पहिल्या दिवशी अंडरग्राउंड गॅलरी आणि तिच्या आसपासची बाग. ही गॅलरी २००५ ची, टेकडीच्या पोटात बांधलेली, आत सपाट. प्रदर्शन बदलत असतं, त्यामुळे काय लागलंय ते आधी बघून घ्या. दुसऱ्या दिवशी, स्कूटर मिळाली तर, मूरच्या कुरणात. हेपवर्थचं ‘द फॅमिली ऑफ मॅन’ही तिथेच आहे. १९७० चं, टेकडीच्या उतारावर उभ्या नऊ ब्राँझ आकृत्या. तरुण मुलीपासून पूर्वजापर्यंत माणसाच्या वयाच्या पायऱ्या. आईंना विचारा, यातली त्यांची कुठली. त्यांचं उत्तर मला कळवा.

जेम्स टरेल या कलाकाराचं ‘डिअर शेल्टर स्कायस्पेस’ (२००६) मी शेवटासाठी राखून ठेवलंय. हरणांच्या निवाऱ्याची जुनी, अठराव्या शतकातली बांधणी आणि तिच्या आत एक खोली. छताला चौकोनी भोक, भिंतीला लागून बाक. बसायचं आणि भोकातून आकाश बघायचं, एवढंच. तिथे येणारा प्रत्येक माणूस बसतो. मला हे फार आवडतं. फोनवर या जागेचं नाव घेऊन ‘तिथपर्यंतची वाट कशी आहे’ हे वेगळं विचारा, कारण ती कुरणाच्या बाजूला आहे.

आणि तुमच्या आई मूर्तिकार आहेत म्हणून एक खास सांगते. वेकफील्ड गावात ‘द हेपवर्थ वेकफील्ड’ नावाचं संग्रहालय आहे, २०११ चं, डेव्हिड चिपरफील्ड या वास्तुविशारदाचं. दालनं एकाच मजल्यावर, वर न्यायला लिफ्ट. तिथे हेपवर्थनं स्वतःच्या हातानं केलेले चाळीसहून अधिक नमुने आहेत, त्यातले पुष्कळ प्लास्टरचे. त्यांच्यावरून साचे काढून मग ब्राँझ ओतलं गेलं. ब्राँझ सगळ्यांना आवडतं, पण प्लास्टरवर हत्याराच्या खुणा दिसतात, कुठे घासलंय, कुठे खरवडलंय, कुठे नंतर लिंपलंय. ज्या बाईनं पन्नास वर्षं शाडूवर ओला हात फिरवला, ती तिथे तासभर हलणार नाही. तो तास मोकळा ठेवा. मी तर म्हणते, घाई करणारं कुणी सोबत असेल तर त्याला त्या वेळात कॉफी प्यायला पाठवा.

विमानाचं थोडक्यात. व्हीलचेअरची मदत लागणार हे विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवायचं. स्वतःची खुर्ची सामानात फुकट जाते. ती विमानाच्या दारापर्यंत वापरू द्या असं आग्रहानं सांगा आणि तिथे देताना गादी व सुटे होणारे फूटरेस्ट काढून हातात घ्या, कारण हरवतात ते हेच. द्यायच्या आधी मोबाइलवर खुर्चीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. मोडली तर वाद घालायला शब्दांपेक्षा फोटो बरे.

*

मी नाशिकला चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वीच्या अपघातानंतर व्हीलचेअरवर. कॉलेजची सहल जयपूर किंवा कोचीला जाणार आहे. सर प्रेमळ आहेत, पण म्हणाले, ‘तू फोटो बघ, आम्ही तुझ्यासाठी व्हिडिओ काढून आणू.’ मला राग आला पण बोलले नाही. मी हट्ट करू का?
*— एक वाचक, सिडको*

हट्ट नाही, अर्ज कर. लेखी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, त्याचं कलम १६. त्यात लिहिलंय की शिक्षणसंस्थेनं दिव्यांग विद्यार्थ्यांना शिक्षण, खेळ आणि मनोरंजनाच्या संधी इतरांच्या बरोबरीनं द्यायच्या. कलम २९ तर कला-संस्कृतीबद्दलच आहे. अर्जात ही दोन कलमं नुसती नोंदव, धमकी देऊ नकोस. प्रेमळ सरांना कायदा दाखवला की ते बहुधा दुखावत नाहीत, सुटतात. त्यांनाही प्राचार्यांना काहीतरी दाखवायचं असतं. आणि अर्जासोबत मी खाली सांगते तसा एक पानाचा आराखडा जोड. ‘मला न्या’ म्हणणाऱ्या मुलीपेक्षा ‘मला असं न्या’ म्हणणारीला नाही म्हणणं कठीण.

जयपूरचं शिल्पदालन म्हणजे नाहरगड किल्ल्यातल्या माधवेंद्र भवनात २०१७ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेलं ‘द स्कल्प्चर पार्क’. सवाई माधोसिंग दुसरे यांनी राण्यांसाठी बांधलेला महाल, एकसारखे नऊ भाग, त्यांना जोडणारे बोळ. अशा खोल्यांमधून समकालीन शिल्पं मांडण्याची ती कल्पना. बघायला झकास, पण जुना राजवाडा म्हणजे उंबरठे, अरुंद दारं आणि वरचा मजला. किल्ला डोंगरावर असला तरी रस्ता वरपर्यंत जातो, त्यामुळे चढण्याची काळजी करू नकोस. काळजी उंबरठ्यांची. सरांनी फोन करून दोनच गोष्टी विचाराव्यात : सध्या प्रदर्शन कोणत्या मजल्यावर आहे आणि सगळ्यात अरुंद दार किती रुंद आहे. तुझ्या खुर्चीची रुंदी एका चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत आजच मोज आणि मोबाइलमध्ये लिहून ठेव. बसायच्या जागेची रुंदी नव्हे, त्यात सगळे फसतात. वर्गातल्या दोन मुलांना खुर्ची उचलायची पद्धत शिकव : एक मागे हँडल धरून, एक पुढे फ्रेम धरून. फूटरेस्ट धरून कधीही नाही, ते हातात येतात. आणि ‘थांब’ हा शब्द फक्त तू म्हणायचा.

कोचीचं बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, २०१२ साली सुरू झालं. फोर्ट कोचीतलं अ‍ॅस्पिनवॉल हाउस हे त्याच्या बहुतेक आवृत्त्यांचं मुख्य ठिकाण. समुद्राकाठची मसाल्याच्या व्यापाराची जुनी वखार. वखार असल्यामुळे तळमजल्याची दालनं प्रशस्त, माल आत-बाहेर करायची दारं रुंद. वरचे मजले लाकडी जिन्याचे. ते सोड. तळमजल्यावरच इतकं असतं की बाकीच्यांना वरून खाली येईपर्यंत तू एखाद्या कामापाशी बसून रेखाटनं करशील. हे रडगाणं म्हणून सांगत नाही, मी असंच केलंय आणि माझी वही त्या सगळ्यांपेक्षा भरलेली होती. नाशिकरोडहून एर्नाकुलमला मंगला एक्स्प्रेस सरळ जाते. ज्यांना एकट्यानं प्रवास करता येत नाही अशा अस्थिव्यंग प्रवाशांना आणि त्यांच्या सोबत्याला स्लीपर व थर्ड एसीत ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रेल्वेचं ओळखपत्र आधी काढावं लागतं, त्याला वेळ लागतो, तेव्हा उद्याच कामाला लाग.

पण मला विचारशील तर सरांना तिसरंच ठिकाण सुचव. बेंगळुरूचं ‘म्यूझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी’, कस्तुरबा रोडवर. इमारत २०२३ च्या फेब्रुवारीत खुली झाली. ती बांधतानाच दिव्यांग प्रेक्षकाचा विचार केलेला आहे. दृष्टिहीनांना हातानं बघता येतील अशा प्रतिकृतीसुद्धा आहेत. पहिली सहल अशा जागी व्हावी जिथे तुझा सगळा जीव दारं मोजण्यात जाणार नाही. दुसऱ्या सहलीला राजवाडे जिंकू.

चंदीगडचं रॉक गार्डन कुणी सुचवलं तर मात्र नीट विचार कर. नेकचंद यांनी टाकाऊ मालातून उभारलेली, १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झालेली ती बाग मला अतिशय प्रिय आहे, पण वाटा चिंचोळ्या, पायऱ्या जागोजागी. दारं इतकी बुटकी की उभ्या माणसाला वाकूनच जावं लागतं. आपल्याला तेवढं वाकावं लागत नाही, एवढाच फायदा.

*

माझे सासरे म्हणतात, ‘खुर्चीत बसून शिल्पं काय बघणार? सगळं खालून दिसणार. पैसे वाया.’ त्यांचं ८० वर्षं वय, पाय गेले, पण डोळे-डोकं शाबूत. त्यांना काय उत्तर देऊ?
*— एक वाचक, सिन्नर*

त्यांना सांगा, ते अर्धं खरं बोलतायत.

चित्रांच्या बाबतीत खरं. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११५ ते १२० सेंटिमीटरवर. दालनांत चित्राचा मध्य जवळपास दीड मीटरवर टांगायची पद्धत आहे, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या सोयीनं. काचेच्या चित्रावर बसलेल्याला वरच्या दिव्यांची चमक दिसते, चेहरा दिसत नाही. यावर उपाय एकच : मागे जायचं. तीन मीटर मागे गेलं की कोन बदलतो, चमक सरकते. मग मधे लोक येऊन उभे राहतात. त्यांना ‘जरा बाजूला व्हाल का’ म्हणायला शिकावं लागतं. ऐंशी वर्षांच्या माणसाला ते सोपं जाईल.

शिल्पांच्या बाबतीत मात्र ते चुकतायत. शिल्पाला एक उंची ठरलेली नसते. स्पेनमधल्या बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयात शिल्पकार रिचर्ड सेराचं ‘द मॅटर ऑफ टाइम’ आहे : गंजल्या रंगाच्या पोलादाच्या प्रचंड वळणदार भिंती, त्यांच्या मधल्या बोळातून जायचं. भिंती कलत्या आहेत, कुठे अंगावर येतात, कुठे दूर होतात. तिथे कमी उंचीवरून जाणाऱ्याला भिंत अधिकच उंच वाटते, आणि सेराला हवं होतं ते हेच, शरीराला जागा कळणं. शिकागोतलं अनिश कपूरचं ‘क्लाउड गेट’ घ्या. आपल्या मुंबईत जन्मलेला माणूस. २००६ साली पुरं झालेल्या त्या स्टीलच्या चकचकीत, वालाच्या बीसारख्या शिल्पाच्या खालून कमान जाते, खाली सपाट फरशी आहे. कमानीच्या पोटात आपलंच प्रतिबिंब ताणलेलं, वाकडं, शेकडो लोकांत मिसळलेलं दिसतं. तिथे उभा कोण, बसलेला कोण, ओळखू येत नाही.

मी स्वतः अनुभवलेलं सांगते. न्यूयॉर्कचं गुगेनहाइम, फ्रँक लॉइड राइटची १९५९ ची इमारत, म्हणजे वरून खाली वळत येणारा एकच लांब उतार. राइटच्या मनात होतं की लोकांनी लिफ्टनं वर जावं आणि बघत बघत खाली यावं. खुर्चीवाल्याला वाटतं, वा, माझ्यासाठीच बांधलंय. तसं नाही. उतारावर चित्राकडे तोंड केलं की एक चाक वर, एक खाली, खुर्ची कललेली आणि चित्र सरळ. दर चित्रापाशी ब्रेक. खाली पोचेपर्यंत माझे तळहात लाल झाले होते. पण मधल्या मोकळ्या पोकळीकडे बघत, कठड्याशी खुर्ची लावून मी बसले तेव्हा समोरच्या वळणांवरून सगळी माणसं हळूहळू उतरताना दिसत होती, आणि त्या क्षणी चित्रं लागली नसती तरी मला चाललं असतं. स्टॉर्म किंगमध्ये उलट होतं. ५०० एकरांचीच ती बाग, पण ट्राम आहे आणि ती खुर्चीसकट घेते. तिथे माया लिनचं ‘वेव्हफील्ड’ आहे : जुन्या खडीच्या खाणीच्या ११ एकर जागेत मातीच्या आणि गवताच्या लाटा, सात रांगा. त्या लाटांत शिरायचं नाही, वरून, कडेवरून बघायचं. सगळे तिथेच थांबतात, आम्हीही.

सासऱ्यांना न्यूयॉर्क नको असेल तर मुंबईचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बघा. काळा घोड्याजवळच्या सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये, १९९६ पासून. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसनं सकाळी निघालात तर दुपारच्या आत तिथे. आतली रचना गोलाकार मजल्यांची आणि जिन्यांची आहे, म्हणून लिफ्टचं फोनवर विचारूनच गाडीत बसा. काळा घोडा महोत्सवाच्या दिवसांत, फेब्रुवारीत, मात्र जाऊ नका. गर्दीत खुर्चीवाल्याला फक्त पाठी दिसतात.

*

शिल्पांना हात लावता येतो का?
*— एक वाचक, देवळाली*

विचारून. दोरी नाही म्हणजे परवानगी आहे असं समजू नये. घामातल्या क्षारांनी ब्राँझवरचा मेणाचा थर आणि रंग बिघडतो, दगडावर तेलकट डाग बसतो. काही ठिकाणी कलाकारानंच ‘या, चढा’ म्हटलेलं असतं, तिथे पाटी असते. आपल्याकडून मात्र हातापेक्षा फूटरेस्टचा धोका जास्त. ती पट्टी गुडघ्याच्याही पुढे असते, बसलेल्याला दिसत नाही आणि चौथऱ्यावर आपटते. शिल्पाभोवती वळताना ढकलणाऱ्यानं तिच्याकडे लक्ष ठेवायचं, शिल्पाकडे नाही. त्याला हवं तर नंतर एकटं बघू द्या.

*

मी वास्तुविशारद आहे. नाशिकजवळच्या एका शिक्षणसंस्थेच्या आवारात छोटी शिल्पबाग करतोय. विश्वस्तांचा आग्रह आहे की वाटांवर पांढरी खडी टाकावी, ‘क्लास दिसते’. रॅम्प मी ठेवलाय. अजून काय?
*— एक वाचक, गंगापूर रोड*

पांढरी खडी विश्वस्तांच्या स्वतःच्या बंगल्यात टाका.

सुट्या खडीवर खुर्ची, काठी, वॉकर, बाळाची गाडी, उंच टाचेची चप्पल, काहीच चालत नाही. तुम्हाला रंग हवा असेल तर दाबून बसवलेला मुरूम करा, पण आपल्याकडच्या पावसात तो दोन-तीन वर्षांत धुपतो आणि दर वर्षी रोलर फिरवायला लागतो. त्याची तरतूद संस्था करणार नसेल तर खरबरीत काँक्रीट किंवा सांधे भरलेल्या फरश्या. पेव्हर ब्लॉक घ्यायचे तर कडा न गोलावलेले घ्या. गोल कडांच्या ब्लॉकवरून दहा मिनिटं गेलं की पाठीचा मणका न् मणका मोजता येतो. काळ्या जमिनीवर थेट काही बसवू नका, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, वरच्या फरश्या उचलल्या जातात. हे तुम्हाला माहीत असणारच. विश्वस्तांना माहीत नसेल.

रॅम्प ठेवलाय म्हणालात, उतार किती ते लिहिलं नाहीत. १:१२ पेक्षा तीव्र असेल तर तो रॅम्प नाही, घसरगुंडी आहे. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. जागा असेल तर १:१५ किंवा त्याहूनही सौम्य करा, बागेत जागा असते. नऊ मीटरपेक्षा लांब जाणार असेल तर मधे सपाट टप्पा. कठडा दोन्ही बाजूंना, कारण अर्धांगवायू झालेल्याला एकच बाजू असते आणि येताना-जाताना ती बदलते. वाट निदान दीड मीटर रुंद. खुर्चीला जागच्या जागी पूर्ण वळायला तेवढाच, १५०० मिलिमीटरचा गोल लागतो. हा गोल प्रत्येक शिल्पापुढेही द्या. दारं ९०० मिलिमीटर मोकळी. गटाराच्या जाळीच्या फटी वाटेला आडव्या, बारीक, नाहीतर पुढचं चाक नेमकं तिथेच अडकतं आणि माणूस तोंडावर.

शिल्पाभोवती पूर्ण फेरी मारता आली पाहिजे. हे मी तीनदा अधोरेखित करते. आपल्याकडे समोरून वाट नेतात आणि मागे मेंदी लावतात. शिल्प चारही बाजूंनी असतं, मग खुर्चीवाल्यानं एकच बाजू का बघायची? पाट्या चौथऱ्यावर सपाट झोपवू नका, उन्हात चमकतात. थोड्या तिरप्या, कमरेच्या उंचीला, मराठीत मोठ्या अक्षरात. बाकांच्या शेजारी एक खुर्ची मावेल इतकी पक्की जागा सोडा. नवराबायकोला शेजारी बसायचं असतं हो. आणि स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, आतल्या जागेत बादल्या आणि झाडू न ठेवण्याच्या लेखी आदेशासह.

विश्वस्त ‘हे ऐच्छिक आहे’ म्हणाले तर सांगा, आता तसं राहिलेलं नाही. २०१६ च्या कायद्याखालच्या नियमांत सुगम्यतेचे निकष नुसते शिफारसवजा ठेवले होते, ते कायद्याशी विसंगत आहेत असं सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात स्पष्ट केलं आणि सरकारला सक्तीचे निकष करायला सांगितलं. एवढं ऐकून खडीचा विषय बहुधा आपोआप मिटेल.

बांधकाम पुरं व्हायच्या आधी, फरश्या बसायच्या आधी, मला बोलवा. वाटा चुन्यानं आखून ठेवा, मी खुर्ची घेऊन येते आणि फिरून दाखवते. माझी खुर्ची बाहेरून ६४ सेंटिमीटर, आमच्या ह्यांचा मूड धरून थोडी जास्त. चहा बिनसाखरेचा लागतो.